मागाच्या शेडमध्ये कानांसाठी काय घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा: "इचलकरंजीत माझे २४ साधे यंत्रमाग आहेत. दोन पाळ्या, बारा-बारा तासांच्या. गेल्या वर्षी ३३ एनआरआरचे (आवाज किती डेसिबल कमी होतो त्याचा खोक्यावरचा आकडा) फोमचे इअरप्लग आणून सगळ्यांना वाटले. बाजारात याहून मोठा आकडा नाही असे दुकानदार म्हणाला. दोन दिवसांत सगळ्यांनी काढून टाकले. आता कोणी कापूस घालतो, कोणी काहीच नाही. कामगार ऐकतच नाहीत. याहून चांगले काय घ्यावे? इअरमफ द्यावेत का?"

"कामगार ऐकतच नाहीत" हे तुम्ही वैतागून लिहिले असणार. मी श्रवणतज्ज्ञ आहे. बावीस वर्षे सूतगिरण्या, यंत्रमाग, प्रेस शॉप आणि फाउंड्रीतल्या माणसांचे कान तपासते आहे, त्यामुळे ते वाक्य वाचून मला आधी वेगळीच काळजी वाटली. दहा-पंधरा वर्षे मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला तुमचे निम्मे बोलणे खरोखरच ऐकू येत नसेल. तो मान हलवतो, कारण समोरचा बोलतो आहे एवढे त्याला दिसते.

माझे वडील मागावर होते. त्यांना ऐकू येत नाही हे घरात आम्हाला फार उशिरा कळले, कारण ते ओठ वाचत. शेडमधले सगळेच वाचतात. चुलतभावाच्या लग्नात मी त्यांच्या शेजारी उभी होते. मंगलाष्टके चालली होती आणि "सावधान" कधी म्हणतात ते त्यांना कळत नव्हते. शेजारच्यांचे हात उठले की ते अक्षता टाकत, दर वेळी थोड्या उशिरा. मी तेव्हा कॉलेजात होते. पुढे हा विषय घेतला तो त्या दिवसामुळे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही आणलेले प्लग वाईट नव्हते. तुमच्या शेडसाठी ते गरजेपेक्षा जास्त कान बंद करणारे होते, ते कसे घालायचे हे कोणी दाखवले नव्हते, आणि तेलकट हातांनी काम करणाऱ्या माणसासाठी तो प्रकारच चुकीचा होता. विणकरांना तुम्ही मऊ सिलिकॉनचे, तीन कडांचे, दोरीवाले, धुता येणारे प्लग द्या, आणि ते वेगवेगळ्या मापांचे घ्या. इअरमफ फक्त जॉबरसाठी (माग जुळवणारा-दुरुस्त करणारा), शेडमध्ये ये-जा करणाऱ्यांसाठी आणि ज्यांचा कान वाहतो त्यांच्यासाठी ठेवा. कांडीवाल्या, म्हणजे धोट्यातल्या कांडीवर सूत भरणाऱ्या बायकांचा विचार वेगळा करावा लागेल. हे का, ते सांगते.

आधी आवाज किती आहे ते मोजा. साध्या मागाच्या शेडमध्ये मी जेवढ्यांदा मीटर धरला तेवढ्यांदा काटा ९५ ते १०२ डेसिबलच्या मध्येच कुठेतरी थांबला. पत्र्याचे बुटके शेड, दाटीने लावलेले माग आणि झिजलेले पिकर (धोट्याला ठोका देणारे भाग) असतील तर वरच्या टोकाला. मोजताना मीटर 'ए' वेटिंग आणि 'स्लो' या सेटिंगवर ठेवायचा, विणकर जिथे उभा राहतो तिथे त्याच्या कानाजवळ धरायचा. दारात उभे राहून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो, पण खरेदीचा निर्णय त्यावर घेऊ नका. मीटर मिळेपर्यंत एक जुनी खूण: हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला, तर तिथे ८५ च्या वर आहे असे धरा. तुमच्या शेडमध्ये तर आवाज चढवूनही भागत नाही, कानाशी तोंड न्यावे लागते.

तुमच्याकडे ९८ आहे असे धरून चालू. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ खालच्या नियमांतल्या तक्त्यात ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास, १०० ला दोन तास अशी मर्यादा होती आणि ११५ च्या वर क्षणभरही परवानगी नव्हती. या हिशेबाने ९८ ला अडीच तासांच्या थोडे वर भरतात. अमेरिकेतली नायॉश ही संशोधन संस्था त्याहून कडक आहे. ती ८५ ला आठ तास धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते, कारण ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. त्या हिशेबाने ९८ ला मिळतात फक्त २४ मिनिटे. मी दुसरा हिशेब वापरते. कान ऊर्जा मोजतो, तक्ता पाहत नाही.

यात तुमची बारा तासांची पाळी आली की मर्यादा आणखी खाली येते. आठ तासांना ८५ असेल तर बारा तासांना साधारण ८३. शिवाय कानाला विसावा मिळायचे तास चारने घटतात. म्हणजे तुमच्या विणकराच्या कानात पोचणारा आवाज ८३ च्या खाली आणायचा आहे. ९८ वजा ८३, झाले १५. थोडी सूट धरून १५ ते २० डेसिबल खरोखर कमी झाले पाहिजेत. ३३ ची गरज तुम्हाला नव्हतीच.

युरोपातल्या मार्गदर्शक मानकात तर स्पष्ट म्हटले आहे की प्लग घातल्यावर कानाच्या आत ७५ ते ८० डेसिबल राहावेत. ७० च्या खाली गेले तर ते अतिसंरक्षण. माणूस एकटा पडतो, शेजारचा काय सांगतोय ते कळत नाही, मागाचा आवाज बदललेला कळत नाही. मग तो प्लग काढतो.

आणि काढला की काय होते हे मी प्रत्येक मालकाला कागदावर लिहून दाखवते. समजा प्लग खरोखर ३० डेसिबल कमी करतो. बारा तासांच्या पाळीत विणकराने तो शेडमध्येच अर्धा तास काढला. पाळीभराची सरासरी धरली तर त्याला मिळालेले संरक्षण ३० चे १४ च्या आत आले. तास काढला तर ११ च्या आत. अर्धी पाळी काढून ठेवला तर उरले ३. आणि दुसऱ्याने फक्त १८ डेसिबलचा प्लग घातला पण काढलाच नाही, तर त्याला पुरे १८ मिळाले. प्लग निवडताना माझा पहिला प्रश्न म्हणून एकच असतो: हा माणूस हा प्लग बारा तास कानात ठेवू शकेल का?

खोक्यावरच्या आकड्याबद्दल थोडेसे. एनआरआर हा अमेरिकेतला आकडा, युरोपातला एसएनआर. एकाच प्लगचा एसएनआर सहसा काही डेसिबलनी मोठा दिसतो, म्हणून दोन खोकी शेजारी ठेवून थेट तुलना करू नका. दोन्ही आकडे प्रयोगशाळेत, शांत खोलीत, नीट बसवलेल्या प्लगवर काढलेले असतात. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षा खात्याची पद्धत अशी आहे की एनआरआरमधून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे धरायचे. ३३ चे झाले १३. २५ चे झाले ९. हे न शिकवता वाटलेल्या प्लगचे गणित आहे. एकेकाच्या कानात माप पाहून बसवला, शिकवला आणि तपासला तर २५ एनआरआरच्या सिलिकॉनच्या प्लगमधूनही १५ ते १८ खरे मिळतात. उलट ३३ चा फोम अर्धवट खोचला तर पाच-सातही मिळत नाहीत. म्हणून निम्मा खर्च वस्तूवर आणि निम्मा वेळ बसवण्यावर असे मी धरते.

आता फोम तुमच्याकडे का चालला नाही ते पाहा. फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक, सुरकुती न पडता, वातीसारखा करावा लागतो. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. वात आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत तीस-चाळीस सेकंद बोट लावून ठेवायचे. हे स्वच्छ हातांनी करायचे. तुमच्या विणकराचे हात तेलाने आणि तुसाने भरलेले. तो काय करतो, तर प्लग तसाच कानाच्या तोंडाशी बुचासारखा लावतो. निम्मा बाहेर दिसत असतो. काही वेळाने तो घसरतो, पुन्हा तेच हात, तोच प्लग, त्यावर काळे तेल. पावसाळ्यात असे कान माझ्याकडे येतात तेव्हा आत बुरशी वाढलेली असते. खाज, पाणी, दुखणे. आणि मग "प्लगने कान खराब होतो" ही बातमी सगळ्या गल्लीत जाते. ती खोटीही नसते. फोम स्वच्छ जागी, रोज नवा, शिकलेल्या माणसाच्या हातात उत्तम काम देतो. तुमच्या शेडमध्ये नाही.

सिलिकॉनच्या प्लगला छत्रीसारख्या तीन कडा असतात, खालची सर्वांत मोठी. मागे देठ असतो. देठ धरून घालायचा, आत जाणाऱ्या भागाला बोट लागत नाही. वळायचा नाही, थांबायचे नाही. पाळी संपली की साबणाच्या पाण्यात धुऊन, कोरडा करून नावाच्या डबीत ठेवायचा. काही महिन्यांनी कडा कडक होतात किंवा फाटतात, तेव्हा टाकून द्यायचा. दोरी घ्या म्हणते ते प्लग हरवू नये म्हणून, पण दोरी मानेच्या मागून, कॉलरच्या आत गेली पाहिजे. पुढे लोंबणारी दोरी फिरत्या मागाजवळ नको. ओढ बसली तर प्लगपासून सुटणारी दोरी मिळाली तर तीच घ्या.

मापांकडे दुकानदार लक्ष देत नाहीत. तुम्ही द्या. एका शेडमध्ये मी एका मामांना मधल्या मापाचा प्लग दिला. उजवा छान बसला, डावा दहा मिनिटांत बाहेर. ते म्हणाले, "बाई, हा कान माझा नाहीच, लहानपणापासनं वेगळा हाय." बॅटरीने पाहिले तर डाव्या कानाची नळी खरोखर अरुंद आणि जास्त वळलेली. डाव्याला लहान माप दिले. चालले. दोन कानांना दोन मापे लागतात अशी माणसे तुम्हाला वीसात एक-दोन सापडतील. म्हणून एकाच मापाचे डझनभर घेऊ नका.

बसला की नाही हे कसे ओळखायचे? शेडच्या बाहेर, प्लग घालून माणसाला मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. नीट बसला असेल तर त्याला स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, आणि दोन्ही बाजूंना सारखा. एकाच बाजूला घुमला तर दुसरा नीट गेलेला नाही. मग दोरी किंवा देठ हलकेच ओढून पाहा, धरून राहिला पाहिजे. शेवटी चालू मागापाशी उभे करा आणि प्लग असतानाच दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून सोडायला सांगा. हात लावल्यावर आवाज बराच कमी झाला, तर प्लगमधून गळती आहे. फारसा फरक पडला नाही, तर बसला. काही उत्पादकांकडे एकेका माणसाचे संरक्षण मोजणारे फिट-टेस्टचे यंत्र असते. खरेदी थोडी मोठी असेल तर विक्रेत्याला "एक दिवस यंत्र घेऊन या, मगच ऑर्डर" असे सांगून पाहा.

विणकर प्लग काढतो त्यामागे एक मोठे कारण आहे आणि ते हट्टाचे नाही. तो माग कानाने चालवतो. धाग्याची ओढ बिघडली, धोटा नीट पोचला नाही, पिकर सैल झाला, हे त्याला डोळ्यांआधी कानाला कळते. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर आहे. कान बंद झाला तर कापडात दोष जाईल, पैसे कापले जातील, ही त्याची भीती खरी आहे. ३३ च्या प्लगने ती भीती खरी ठरली. १५-२० च्या प्लगमध्ये मागाचा आवाज हलका होतो पण त्यातले बदल कळतात. चांगला कान असलेल्या माणसाला इतक्या गोंगाटात प्लग घातल्यावर शेजाऱ्याचे ओरडून बोललेलेही बरेचदा अधिक स्पष्ट कळते, कारण कानावरचा भार उतरतो. पण हे पटायला चार-पाच दिवस जातात. नवा आवाज मेंदूला शिकावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी चार, असे वाढवत आठवड्यात पूर्ण पाळीवर आणा. त्या आठवड्यात कापडाच्या दोषांवरून कोणाचे पैसे कापू नका आणि हे आधी सांगून टाका. एवढे केले तरी निम्मी लढाई जिंकाल.

ज्यांचे कान आधीच गेले आहेत त्यांची गोष्ट निराळी. गोंगाटाने कान जातो तो साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपासचा, म्हणजे बारीक आवाजांचा, आधी. बोलण्यातले स, श, त, ख असे आवाज हरवतात, स्वर ऐकू येतात. माणूस म्हणतो "ऐकू येते, पण समजत नाही." "वीस" आणि "तीस" यांत घोटाळा होतो. साधा प्लग नेमके हेच बारीक आवाज जास्त दाबतो. अशा माणसाला साधा प्लग घातला तर तो पार बहिरा होतो आणि प्रामाणिकपणे काढून टाकतो. त्याच्यासाठी सगळे सूर सारखे कमी करणारा, आत छोटी जाळी किंवा फिल्टर असलेला प्लग मिळतो. महाग पडतो, पण तुमच्या वीस माणसांत असे तीन-चार असतील, आणि बहुधा तेच तुमचे सर्वांत जुने, सर्वांत कसबी विणकर. त्यांच्यावर तो खर्च करा. "गेलाच आहे कान, आता काय जपायचा" असे त्यांना म्हणू देऊ नका. उरलेला कान दुप्पट मोलाचा आहे.

इअरमफ विणकरांना का नाही? एप्रिल-मेच्या उकाड्यात, पत्र्याखाली, तुसात, बारा तास कानांवर रबरी गादी ठेवून पाहा. घाम साचतो, तूस चिकटते, मागाखाली वाकले की मफ सरकतो. चष्म्याची काडी गादीखाली गेली की फट पडते आणि तिथून आवाज शिरतो. दाढी, भिकबाळी, जाड केस यांचेही तेच. पण जॉबर दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करतो, त्याला मफ बरा. एका हाताने लावता-काढता येतो आणि नीट लागला आहे हे लांबूनही दिसते. तुमच्यासाठीही एक दारापाशी खिळ्याला टांगून ठेवा. गाद्या कडक झाल्या, चिरल्या की बदला, साधारण सहा महिन्यांनी. ज्याचा कान वाहतो किंवा पडद्याला छिद्र आहे, त्याला प्लग अजिबात नको. मफ द्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा. प्लग आणि मफ दोन्ही एकदम घातले तर दोघांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यात पाचेक डेसिबल वाढतात. तुम्हाला त्याची गरज नाही.

कापूस. सुका कापूस धूळ अडवतो, आवाज जेमतेम पाच-सात डेसिबल. त्याने फक्त आपण काही घातले आहे असे समाधान मिळते. त्याहून वाईट म्हणजे तरुण पोरांच्या कानातले ब्लूटूथ. ९८ डेसिबलच्या शेडमध्ये गाणे ऐकू यायचे तर ते किती मोठे लावावे लागेल याचा विचार करा. ते संरक्षण नाही, दुसरा माग कानात बसवणे आहे. यावर मात्र कडक राहा.

कांडीवाल्या बायका. कोपऱ्यात कांडी मशीनवर बसलेल्या असतात, आणि मी विचारले की मालक सांगतात, "त्या मागावर नाहीत." माग त्यांच्यापासून दहा फुटांवर असतो. डोक्यावरून ओढणी किंवा पदर घट्ट घेतलेला, कानांत कुड्या. मफ बसणारच नाही. त्यांना लहान मापाचे प्लग लागतात. पण त्यांच्यासाठी मला प्लगपेक्षा दुसरा उपाय आवडतो: कांडी मशीनची जागा विटांच्या भिंतीपलीकडे न्या आणि दार लावा. भिंत आणि बंद दार मिळून तुम्हाला एवढे डेसिबल कमी करून देतील की बहुतेक वेळा त्यांना कानात काही घालावेच लागणार नाही. एका मालकांनी तसे केले. पुढच्या वेळी गेले तर बायका एकमेकींशी साध्या आवाजात बोलत होत्या. त्या शेडमध्ये मी ते पहिल्यांदा ऐकले.

आवाज मुळात कमी करण्याबद्दलही सांगायला हवे, कारण प्लग हा शेवटचा उपाय. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून साध्या मागाचे तत्त्व तेच आहे: लाकडी दांडा धोट्याला मारतो, धोटा पलीकडे जाऊन आदळतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. तो ठोका तुम्ही बंद करू शकत नाही. झिजलेले पिकर आणि बफर वेळेत बदलणे, सैल नट-बोल्ट, खुळखुळणारी गार्ड आवळणे, पायांखाली चांगले रबर घालणे, यांनी थोडे-थोडे उतरते. छताला आवाज शोषणारे पॅनेल लावल्याने शेडच्या मोकळ्या भागात फरक पडतो, मागाला टेकून उभ्या माणसाला कमीच. पण एक कळकळीने सांगते, साधा फोम किंवा थर्माकोल छताला चिकटवू नका. तूस आणि ठिणगी यांच्या मध्ये तो पेटतो. लावायचे तर रॉकवूलचे, नीट आवरण घातलेले लावा. रॅपियर किंवा एअरजेट असे बिनधोट्याचे माग घेतले तर धोट्याचा ठोका जातो, तरी शेड शांत होत नाही. तिथेही मोजावेच लागते.

एक काम मात्र उद्याच करा. चहा आणि जेवण शेडच्या बाहेर, शांत जागी. मी पाहते, माणसे मागाच्या कडेला बसून डबा खातात. प्लग काढून, अर्थात. वर दिलेला एक तासाचा हिशेब तिथेच संपतो. बाहेर बाकडे, पंखा, पाणी ठेवा. प्लग दाराबाहेर घालायचा आणि दाराबाहेरच काढायचा, एवढा एकच नियम ठेवा. आत कोणाशी बोलायचे तर प्लग ठेवूनच कानाशी बोला, किंवा बाहेर या.

कान तपासणी करून घ्या. वाटपाच्या आधी एकदा, मग दर वर्षी. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीवर जाण्यापूर्वी. किमान १४ तास कान शांत असले पाहिजेत, नाहीतर पाळीनंतरचा तात्पुरता बहिरेपणा मोजला जातो. पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजते का, घरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो का, हे दोन प्रश्न तुम्हीही विचारू शकता. "हो" आले की तो कान रोज थोडा-थोडा मरतो आहे. कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यासाठी औषध नाही. आवाजाने आलेला बहिरेपणा कारखाने अधिनियमातल्या कळवायच्या रोगांच्या यादीत होता, नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही होता; २०२५ मध्ये या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. तुमचे युनिट कोणत्या कायद्यात बसते ते सल्लागाराला विचारा. तपासणी मात्र त्याची वाट न पाहता करा. वर्षाच्या अहवालात कोणाची रेघ खाली घसरली, तर त्याचा प्लग बसत नाही किंवा तो काढतो आहे. त्याला ओरडू नका, त्याच्याजवळ बसून त्याच्या कानात पाहा.

खरेदीचे सांगते. २४ मागांना दोन्ही पाळ्या मिळून विणकर, जॉबर, कांडीवाल्या धरून वीस-बावीस माणसे असतील. तीन कडांच्या दोरीवाल्या प्लगचे मधल्या मापाचे वीस, लहान मापाचे बारा, मोठ्या मापाचे सहा जोड घ्या. उरतील ते बदलायला लागतीलच. एनआरआर २५ च्या आसपास पुरे. तुमचा मीटर १०३-१०४ दाखवू लागला तर मला पुन्हा विचारा, तेव्हा हिशेब बदलेल. भारतीय मानक आय. एस. ९१६७ किंवा युरोपचे ई. एन. ३५२ पाकिटावर आहे का पाहा. काहीच छापलेले नसेल तर स्वस्त असले तरी सोडा. डब्या घ्या, त्यांवर नावे लिहा. मफ तीन: दोन जॉबरना, एक तुम्हाला. फिल्टरचे प्लग तपासणीनंतर, ज्यांना लागतील त्यांनाच.

वाटप सगळ्यांना एकदम करू नका. पहिला दिवस जॉबरचा. त्याला बाहेर बाकड्यावर बसवा, आरसा द्या, नीट शिकवा. दुसऱ्या दिवशी ज्याचे शेडमध्ये सगळे ऐकतात अशा जुन्या विणकराला. तिसऱ्या दिवसापासून रोज चौघे. आणि त्या दिवसापासून तुम्ही स्वतः मफ न लावता आत पाऊल टाकू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. महिन्याभराने किती जणांच्या कानात पूर्ण पाळी प्लग राहतो आहे ते मोजा आणि कळवा. ज्यांच्या कानात राहत नाही त्यांची कारणे एकेक करून लिहा, त्यांच्याच शब्दांत. त्यावरून पुढचे माप आणि पुढचा प्रकार ठरवू.